हळू बोला, शाल्मली झोपलीय

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत कधीच नव्हती. आमचे बाबा, बाबूराव, मिलमध्ये होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायचे आणि घरी येऊन चहासुद्धा तसाच मागायचे. मी त्यांचीच लेक. इथे इंदौरला पलासियात एका कोचिंग क्लासच्या रिसेप्शनला बसते, आणि मी "ए भिया, जूते बाहर" म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरची पोरंसुद्धा बूट काढतात. माझा धाकटा भाऊ पुष्कर सांवेर रोडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. तिथे पत्रे कापायची मशिनं अशी धडाधड पडतात की कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहवत नाही. सांगायचं काय, तर असल्या खानदानातला हा माणूस एक दिवस मला म्हणाला, "ताई, जिना उतरताना चपला हातात घेत जा." मला आधी हसूच आलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने चपला हातात घेतल्या.

कारण होतं शाल्मली, पुष्करची मुलगी. सातवा महिना पुरता संपलाही नव्हता आणि ती आली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कस्तुरीला, माझ्या भावजयीला, दिवस राहिले होते. डोहाळजेवणाची साडी ब्लाउज शिवायला टाकलेली, ती तशीच शिंप्याकडे राहिली. पोर एवढीशी, की कातडीखालच्या शिरा मोजाव्यात. काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी, पायाला तारा, छातीवर तारा. त्यात इन्फेक्शन झालं, मग व्हेंटिलेटर, मग कावीळ. आम्ही रोज सकाळी फोन उचलायला घाबरायचो.

बापाला दिवसातून एकदाच आत सोडायचे. एका दुपारी पुष्कर पेटीपाशी उभा होता आणि मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. खणकन आवाज झाला आणि त्याच्या डोळ्यांदेखत शाल्मलीचा श्वास थांबला. ओठ निळे पडले, मशीन कोकलायला लागलं. सिस्टरने धावत येऊन तळपायाला टिचक्या मारल्या तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. मोठ्या सिस्टर ट्रे पाडणाऱ्या बाईला बोलल्या, की इतक्या लहान बाळांना मोठे आवाज सोसत नाहीत, कितीदा सांगायचं. पुष्करने ते ऐकलं आणि तिथेच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की आवाजाने माझी पोर मरता मरता वाचली.

त्या दिवसापासून त्याने कस्तुरीलाही बजावलं, आत गेलीस की तोंडातून शब्द काढायचा नाही. सिस्टर म्हणायच्या, हळू आवाजात बोला बाळाशी, आईचा आवाज ओळखतं ते. पण हा ऐकेल तर शपथ. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, त्याचं मी समजू शकते. पण ह्याने सगळ्या मोहल्ल्याला फुंकायला लावलं.

पोर घरी आली. खालच्या मजल्यावर पुष्कर-कस्तुरी, वर मी आणि माझे मिस्टर. पहिल्याच दिवशी दाराची बेल काढली. कुकरवर बंदी आली, भात पातेल्यात शिजायला लागला. मिक्सर माझ्या घरी आला आणि त्यांची चटणी मी वाटून खाली न्यायला लागले, अनवाणी. सांगलीहून कस्तुरीच्या आईने नातीला चांदीचे वाळे आणले होते, घुंगरांचे. पुष्करने पक्कड घेऊन एकेक घुंगरू उपटून काढलं आणि त्या माउलीच्या हातात ठेवलं. ती ते पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली.

आमच्या लोकमान्य नगरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. इंदौरमध्ये ते गाणं ऐकून लोक उठतात, घड्याळं लावतात. पुष्कर त्या गाडीवाल्याला कोपऱ्यावर जाऊन भेटला, हात जोडले, मोबाईलवर पेटीतल्या बाळाचा फोटो दाखवला. तो बिचारा आमच्या गल्लीत शिरताना भोंगा बंद करायला लागला. मग गाडी आली कधी नि गेली कधी कुणाला कळेना, बायका बादल्या घेऊन मागे पळायच्या आणि मला टोमणे मारायच्या. मी सोडते होय कुणाला, पण भांडायचं तरी कुजबुजत. कुजबुजत भांडून बघा कधी, सगळा जोर पोटातच राहतो.

तरी गल्लीने ऐकलं. इंदौरी माणूस तोंडाने कितीही फटकळ असो, लेकराचं म्हटलं की विरघळतो. समोरच्यांनी लग्नाची वरात गल्लीच्या तोंडाशी थांबवली, बँड तिथूनच परत पाठवला. रंगपंचमीला ढोल आला नाही. आणि बारसं. बारसं तर मी जन्मात विसरणार नाही. घरात वीस बायका, सगळ्या पाळण्याभोवती, आणि पाळणा म्हणताहेत नुसते ओठ हलवून. मी आत्या, कानात नाव सांगायचा मान माझा, तर पुष्कर माझ्या खांद्याशी उभा, "ताई, हळू." मी इतक्या हळू सांगितलं की माझं मलाच ऐकू आलं नाही.

पोर मात्र बाळसं धरत गेली. गोरी, गालांना खळ्या, आणि एवढी शहाणी की काय सांगू. रडणं कमी, झोप गाढ. माणूस समोर आलं की डोळे भरून बघायची आणि हसायची. पुष्करला वाटायचं, घर शांत ठेवलं म्हणून पोर शांत आहे. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. घरी सोडताना हॉस्पिटलात कानाची छोटी तपासणी केली होती, तिचा निकाल नीट आला नव्हता. कानात मळ असतो, पाणी असतं, कधी कधी असं होतं, म्हणाले. पण ही इतक्या लवकर जन्मलेली, इतकी औषधं झालेली, तेव्हा महिनाभराने मोठी तपासणी करा, बेरा म्हणतात तिला. तारीखही दिली. त्या तारखेला शाल्मलीला सर्दी झाली. पुढच्या तारखेला पुष्करला कुणीतरी सांगितलं, की त्यात कानाला यंत्र लावून मोठमोठे आवाज सोडतात. झालं. त्याने साफ नाही म्हटलं. जिला आम्ही कुकरच्या शिटीपासून जपतो तिच्या कानात आवाज सोडू?

कस्तुरीने दोन-चारदा विषय काढला. ती सिमरोलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत काम करते, वाचणारी आहे, तिला कुठेतरी टोचत होतं. हाकेला मान वळत नाही, म्हणायची. पण हाक कुठे मारायची, तर ह्या घरात. आणि पुष्करकडे उत्तर तयार असायचं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की हिचं वय मोजताना लवकर जन्मल्याचे महिने वजा करा. पोर पालथी पडत नाही, वजा करा. खुळखुळा धरत नाही, वजा करा. हाकेला बघत नाही, तेही वजा करा. मला ते पटायचंही. सगळं उशिराच येणार होतं, तर हे का नाही.

मग आमच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला.

दुपारची वेळ. पुष्कर कारखान्यात. मी सुट्टीवर होते, खाली कस्तुरीपाशी बसून मटार सोलत होते. शाल्मली सतरंजीवर उताणी, स्वतःच्या पायाचा अंगठा बघत होती. इतका मोठा धमाका झाला की माझ्या हातातलं ताट उलटलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजारचं पोर किंचाळून रडायला लागलं, झाडावरचे सगळे कावळे एकदम उठले, गल्लीभर लोक "क्या हुआ, क्या हुआ" करत बाहेर. माझ्या तोंडून आईगं निघालं आणि मी छातीवर हात ठेवून शाल्मलीकडे बघितलं, की हिचं काय झालं असेल. काही नाही झालं. ती अंगठाच बघत होती.

मी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, बरं झालं बाई, दचकली नाही.

कस्तुरीने मटाराचा एक दाणा उचलून ताटात ठेवला, मग दुसरा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, हिने डोळासुद्धा नाही हलवला." इतके महिने आम्ही जिच्यासाठी गल्लीचा श्वास धरून ठेवला होता, तिला तो श्वास कधी पोचलाच नव्हता की काय. कस्तुरी उठून आत गेली आणि मोरीचा नळ सोडून रडली. रडायचं तरी मोठ्याने रड गं, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी पुष्करला सांगितलं. तो ऐकूनच घेईना. एकच धोशा, ट्रे पडला तेव्हा मी तिथे होतो, तिने ऐकलं होतं, म्हणून तर श्वास थांबला. मी पहिल्यांदाच त्या घरात आवाज चढवला. म्हटलं, अरे, तू बाप आहेस की पहारेकरी. तो नेहमीसारखा ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू, शाल्मली झोपलीय." मला इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी वर निघून गेले. त्या माणसाच्या जिवाला कसला घोर होता हे मला दिसत होतं. आवाज हा शत्रू आहे एवढंच धरून तो उभा होता. ते सोडलं असतं तर धरायला काही उरलं नसतं.

त्याला न विचारता आम्ही दोघींनी अपॉइंटमेंट घेतली. माझ्या ऑफिसच्या मागच्याच इमारतीत कानाच्या तपासणीचं एक केंद्र आहे. ही तपासणी बाळ झोपलेलं असतानाच होते, म्हणून सकाळपासून तिला झोपू द्यायचं नव्हतं. कस्तुरीने तिला ओल्या फडक्याने पुसलं, गुदगुल्या केल्या, रिक्षातून उन्हं दाखवत आणली. तिथला व्हरांडा म्हणजे नुसत्या आया. कुणी मांडीवर थोपटतंय, कुणी पदराखाली घेऊन फेऱ्या मारतंय, प्रत्येकीचं एकच काम, पोराला झोपवायचं. एकीचं झोपलं की बाकीच्या तिच्याकडे हेव्याने बघायच्या. शाल्मली तर खांद्यावर घेतल्या घेतल्या झोपली. एका बाईने विचारलं, "इतने शोर में कैसे सो गई?"

तपासणी करणारा सुजय म्हणून नाशिकचा तरुण होता, मराठी ऐकून त्याला बरं वाटलं. कस्तुरीच्या मांडीवर झोपलेल्या शाल्मलीच्या कपाळाला आणि कानांमागे त्याने तारा चिकटवल्या, डोक्याला छोटे हेडफोन लावले. म्हणाला, कानात आवाज सोडतो, तो मेंदूपर्यंत पोचला तर पडद्यावरच्या रेघेत चढउतार दिसतील. दार लावलं. ती खोली अशी की बाहेरचं काहीही आत येत नाही. मी दाराजवळ स्टुलावर बसले.

पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही. सुजय पडद्याकडे बघत आवाज वाढवत होता. थोड्या वेळाने टिकटिक ऐकू यायला लागली, बारीक, भिंतीत किडा असावा तशी. मी इकडेतिकडे बघितलं आणि मग कळलं, की ती हेडफोनातून येतेय. तिच्या कानाला घट्ट बसलेल्या हेडफोनातून निसटून ती माझ्यापर्यंत, दारापर्यंत येत होती. अजून वाढवला. आता ती टकटक झाली, कुणी दगडावर दगड मारल्यासारखी. शाल्मली झोपलेली होती. झोपेत दूध पीत असल्यासारखे ओठ हलत होते. पडद्यावरची रेघ सरळ होती. कस्तुरीने मान वर करून माझ्याकडे बघितलं, तुम्हालाही ऐकू येतंय ना, असं. मी मान हलवली. सुजयने दुसऱ्या कानाला तेच केलं आणि मला तेच ऐकू आलं.

त्याने हेडफोन काढले, तारा सोडवल्या, तिच्या कपाळावरचा चिकटपणा कापसाने पुसला. मग हळूच विचारलं, बाळाचे वडील येऊ शकतील का?

मी फोन केला. पुष्कर कारखान्याच्या कपड्यांतच आला, कानातले पिवळे बोळे दोरीने गळ्यात लटकत होते. मला वाटलं होतं आधी माझ्यावर तुटून पडेल. तो सरळ सुजयसमोर बसला. सुजयने एकेक करून सांगितलं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, जवळजवळ काहीच नाही. ताबडतोब ऐकायची यंत्रं बसवू, त्यांचा किती उपयोग होतो ते बघू, नाहीतर वर्षाची होईल त्या सुमाराला ऑपरेशनचा विचार करावा लागेल. बसण्या-चालण्याचे महिने वजा करा, पण ऐकण्याचे वजा करत बसू नका, बोलणं शिकायचा काळ कुणासाठी थांबत नाही. आधी आला असता तर बरं झालं असतं, हे तो बोलला नाही. बोलला नाही म्हणून मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

पुष्करने ट्रेची गोष्ट सांगितली. सगळी, पहिल्यापासून. सुजय म्हणाला, एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास आपोआपही थांबतो, तेव्हा दोन्ही एकदम झालं असेल. किंवा ऐकलंही असेल. "तेव्हा ऐकू येत असेल आणि नंतर गेलं असेल. इन्फेक्शन, कावीळ, ती औषधं. त्या औषधांशिवाय ती वाचली नसती. पण नक्की कधी गेलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही."

पुष्कर टेबलाकडे बघत म्हणाला, "म्हणजे तिला सुरुवातीला ऐकू येत असेल, तर तेवढेच दिवस होते. आणि मी कुणाला बोलू दिलं नाही. तो ट्रेच काय तो ऐकला तिने."

मी भावाच्या पाठीवर हात ठेवला तर त्याचा सगळा शर्ट घामाने भिजलेला.

कस्तुरी शाल्मलीला मांडीवर सारखं करत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "मी बोलायचे."

पुष्करने तिच्याकडे बघितलं.

"दूध द्यायला मी एकटीच आत जायचे. सिस्टर तिला माझ्या छातीवर ठेवायच्या. तेव्हा बोलायचे. तू नको म्हणाला होतास, तरी."

"काय बोलायचीस?" त्याने विचारलं. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की सुजयने खुर्ची पुढे ओढली.

"काहीही. आज ऊन आहे. आज आजी येणार. आत्याचा आवाज खूप मोठा आहे, घाबरू नकोस. आणि बाबा बाहेर बसलाय. तो आत येऊ शकत नाही, पण बाहेरच आहे. हे रोज सांगायचे."

पुष्करने दोन्ही हात पुढे केले आणि कस्तुरीने झोपलेली पोर त्याच्या हातात दिली. तो उठून व्हरांड्यात गेला. आम्ही मागोमाग. तिथे उभं राहून त्याने शाल्मलीच्या कानाला तोंड लावलं आणि मोठ्याने म्हणाला, "शाल्मली. बाबा आहे." पुन्हा म्हणाला, त्याहून मोठ्याने. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. एक बाई, जिचं पोर आत्ता कुठे डोळे मिटत होतं, ती काकुळतीला येऊन म्हणाली, "भैयाजी, धीरे. बड़ी मुश्किल से सोया है." एरवी मी त्या बाईला दोन शब्द ऐकवले असते. पुष्कर मात्र ताबडतोब गप्प झाला, सॉरी म्हणाला आणि पोरीला घेऊन जिना उतरला.

खाली रस्त्यावर ऑफिसं सुटायची गर्दी झाली होती, रिक्षा, सिटी बस, सगळ्यांचे हॉर्न. तो फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. शाल्मली जागी झाली होती. तो तिला समोर धरून बोलायला लागला, थांबलाच नाही, आणि ती त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत होती, मग तिने त्याच्या ओठांत बोट घातलं. तो बोट घातलेल्या तोंडानेच बोलत राहिला. कस्तुरी आणि मी जरा लांब उभ्या होतो. तो काय सांगत होता, ते त्या हॉर्नमध्ये आम्हालाही ऐकू आलं नाही.